आठ चटयांची खोली आणि ओकिगारा

नामीहारा, १५ डिसेंबर १९९२

श्रीमती मिनागावा चिसे यांस,

डोंगरमाथ्यावर पहिला बर्फ दिसू लागला आहे आणि बंदरात 'बुरी' जातीच्या मासळीची आवक वाढली आहे. अशा ऋतूत आपली प्रकृती उत्तम असेल, अशी आशा करतो.

चार वर्षांनंतर पत्र लिहिण्याचे कारण घरगुती नसून व्यापारी मंडळाच्या कामकाजाचे आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

आपल्या स्टुडिओने काढलेला ओकिगारा राक्षसाचा नवा चित्रपट शनिवारी, बारा तारखेस, प्रदर्शित झाला. नामीहाऱ्यात चित्रपटगृह उरलेले नसल्यामुळे तो पाहण्यासाठी शेजारच्या शिराकुऱ्यास जावे लागले. मी तो तीन वेळा पाहिला. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून, दुसऱ्यांदा वही घेऊन, तिसऱ्यांदा वहीतल्या नोंदी पडताळण्यासाठी. बाहेर पडताना प्रेक्षकांच्या हाती अभिप्रायाचे एक कार्ड देतात. त्यावर मत लिहिण्यास चार ओळींची जागा आहे. ती अपुरी असल्यामुळे माझे मत मी थेट आपल्याकडे पाठवीत आहे. कारण चित्रपटातील नामीहारा पंचविसाव्या हिश्श्याच्या मापात ज्यांनी उभारले, त्यांत आपले नाव सर्वांत वर आहे.

आधी जे चांगले आहे ते. ओकिगाराबद्दल माझी तक्रार नाही. त्याला वजन आहे. पाऊल टेकल्यावर धूळ लगेच न उडता क्षणभर थांबून उडते, आणि शेपटी पावलाच्या मागून, जणू नाइलाजाने, येते. समुद्रातून त्याची पाठ वर येते त्या दृश्यात शिराकुऱ्याच्या प्रेक्षकांनीही श्वास रोखून धरला. मी हे मुद्दाम लिहितो. वीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटात ओकिगारा नकाशावर आमच्या गावापर्यंत आला आणि तेथून वळून शिराकुरा तुडवून गेला, हे आपणास आठवत असेलच. तेव्हापासून दर कुस्तीच्या सामन्यात आम्हांला ऐकावे लागले आहे, "नामीहारावाल्यांनो, तुम्हांला तर राक्षससुद्धा विचारत नाही!" या वेळी तो आमच्याकडे यावा म्हणून मंडळाने अर्ज केला. सतरा दुकानांनी आपापले दुकान नावाच्या पाटीसकट पडद्यावर भुईसपाट करण्यास शिक्क्यानिशी संमती दिली. त्यांत कै. वडिलांच्या बंद दुकानाची संमती माझी आहे. चित्रपटात शिराकुरा फक्त दुरून दिसते, शाबूत. परतीच्या बसमध्ये आमची माणसे गात होती.

आता चुका.

टोफूवाल्या फुसाएबाईंच्या दुकानाच्या कापडी छतावर सात पट्टे आहेत. चित्रपटात सहा दिसतात. बँकेसमोर लाल गोल टपालपेटी दाखवली आहे. ती बारा वर्षांपूर्वी हलवण्यात आली, तो ठराव माझ्या सहीचा आहे. न्हाव्याच्या दुकानातील दिनदर्शिका नऊ ऑक्टोबर दाखवते. त्या दिवशी चित्रपटातल्या वेळी, म्हणजे दुपारी तीन वाजता, ओहोटी असते आणि ओकिगारा भरतीच्या पाण्यातून येतो.

या गोष्टी किरकोळ आहेत. पुढची नाही.

ओकिगाराची शेपटी 'मिनागावा तातामी' या आमच्या वडिलांच्या जाड गवती चटयांच्या दुकानाची दर्शनी भिंत उचकटून नेते आणि वरच्या मजल्यावरची आठ चटयांची खोली खण ओढावा तशी उघडी पडते. दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत जमिनीवरच्या चटया स्पष्ट दिसतात, आणि त्या सरळ ओळीत मांडलेल्या आहेत. चार चटयांचे चारही कोपरे एकाच बिंदूत येतात. नांदत्या घरात कोपरे असे जुळू देत नाहीत. ही मांडणी घरात प्रेत असताना करतात. तातामी विणणाऱ्याच्या मुलीला हे मी सांगावे, याचे मला आश्चर्य वाटते. शिवाय उत्तरेच्या भिंतीपाशी काळी रेघ दिसते, म्हणजे प्रत्यक्ष मापात दोन बोटांची फट. आमच्या वडिलांनी घातलेल्या जमिनीत फट नसे. केस जात नसे.

तीन जानेवारीस, रविवारी, गावाच्या सभागृहात मंडळातर्फे या चित्रपटाचा खेळ आहे. मंडळाच्या वतीने आपणास निमंत्रण आहे. कळावे.

मिनागावा शिगेनोरी
कार्यवाह, नामीहारा व्यापारी मंडळ


नामीहारा, २४ डिसेंबर

चिसे,

या वेळी ऋतूविषयी लिहीत नाही, कारण तू तसे बजावले आहेस. तुझे उत्तर एका नकाशाच्या पाठीवर लिहिलेले आले. त्यावर गोंदाचे डाग आहेत. पहिले वाक्य मी तीनदा वाचले: "दादा, 'आपण' काय, 'श्रीमती' काय! मला वाटलं करखात्याची नोटीस आली."

तुझ्या सूचनेनुसार मी पडताळणी केली. निष्कर्ष खालीलप्रमाणे.

फुसाएबाईंच्या दुकानासमोर मी रविवारी सकाळी उभा राहिलो आणि पट्टे मोजले. त्या टोफूच्या पाण्यात हात घालून उभ्या होत्या.

"काय कार्यवाहसाहेब, जप्ती आणलीत की काय?"

"पट्टे मोजतो आहे."

"सहा आहेत. जुनं छत वादळात फाटलं, नवं आणलं त्याला पाच वर्षं झाली. रोज दोनदा इथनं जाता तुम्ही. मान वर करायला पण ठराव लागतो का?"

टपालपेटी बँकेसमोरच आहे. माझ्या दप्तरी ती बारा वर्षांपूर्वी हलली. प्रत्यक्षात कोणी हलवलीच नाही. तुला लिहिलेले मागचे पत्रही मी तिच्यातच टाकले, असे फुसाएबाईंनी भर रस्त्यात सांगितले. भरती-ओहोटीचा मुद्दा मात्र माझा बरोबर आहे. त्यावर तू लिहितेस, "एवढं मोठं जनावर पाण्यातून उठलं की पाणी चढणारच, दादा." हेही नोंदवून घेतले.

मग तू लिहितेस: "चटया चुकल्या नाहीत. फटही नाही. तोकुमात्सुकाकांना विचार, आणि विचारायची हिंमत होईपर्यंत मला पत्र लिहू नकोस. निमंत्रणाबद्दल आभार. पण ते मंडळाचं आहे, घराचं नाही. त्या दारातून मी एकदा परत गेले आहे."

तोकुमात्सुकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. वडिलांच्या हाताखाली त्यांनी चाळीस वर्षे चटया शिवल्या, हे तुला सांगायला नको. पण त्यांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी उजवीकडे बसलो.

"काका, चित्रपटात आमच्या वरच्या खोलीची जमीन पाहिलीत?"

"पाहिली. बरं केलं पोरीनं."

"चारही कोपरे जुळवले आहेत."

"मग? बापाचं मयत आहे. जुळवणारच." त्यांनी नारंगी सोलून अर्धी माझ्यापुढे ठेवली. "तुझा बाप गेला त्या दिवशी मी चटया उचलायचा आकडा घेऊन दारात उभा होतो, वरच्या चटया फिरवायला. तू काय म्हणालास आठवतं? म्हणालास, 'काका, सभागृह ठरवलंय, वर कोणी बसणार नाही. हल्ली कोण करतं हे?' आख्ख्या गावाच्या मयताला ज्यानं चटया फिरवल्या, त्याच्या मयताला त्याच्या घरची एक चटई हलली नाही. मी आकडा घेऊन घरी आलो."

मी अर्धी नारंगी संपवली. मग फटीबद्दल विचारले, कारण यादीत तो मुद्दा उरला होता.

"फट पडायचीच!" काका ओरडले. "प्रत्येक चटई तिच्या जागेच्या मापानं कापलेली. जागा बदलली की दोन बोटं कमी पडतात. पडायलाच हवीत. ज्या घरातून माणूस गेलं, त्या घरात सगळं घट्ट बसून कसं चालेल? तुमची आजी गेली तेव्हा त्याच भिंतीला फट पडली होती. चिसे नऊ वर्षांची. दिवसभर त्या फटीत बोट घालून बसली होती. तू पंधराचा."

"मी काय करत होतो?"

"पाहुण्यांची यादी."

म्हणजे तू चाळीस वर्षांपूर्वीची फट लक्षात ठेवून तिच्या पंचविसाव्या हिश्श्याची फट तयार केलीस, आणि मी ती चूक म्हणून लिहून काढली.

यादी मी मागे घेतो.

शिगेनोरी


नामीहारा, २७ डिसेंबर

चिसे,

काल चौथ्यांदा चित्रपट पाहिला. वही नेली नव्हती.

तू माझ्याकडून ज्या गोष्टीची वाट पाहत असशील, ती मी गेल्या पत्रात लिहिली नाही. हिशेबी माणूस अवघड रकमा पुढच्या पानावर ढकलतो, तसे झाले. आता पुढचे पान नाही.

वडील पडले त्या दिवशी मी तुला तार केली: "वडील आजारी. सविस्तर पत्र पाठवतो." आणि पाठवलेही. पाच पाने. त्यात ताप किती, रक्तदाब कोणत्या वेळी किती, डॉक्टरांचे शब्द कोणते, सारे होते. डॉक्टरांनी 'धोका' हा शब्द वापरला नव्हता, म्हणून मीही वापरला नाही. त्या तारेत 'ये' हा एक शब्द नव्हता. तू स्टुडिओत होतीस. अकरा महिने उभारलेले शहर दुसऱ्या दिवशी एकदाच, एकाच फटक्यात पाडायचे होते, कारण ते पुन्हा उभे करता येत नाही. तुला वाटले, दादा पत्र लिहायला बसला आहे, म्हणजे वेळ आहे. असे कोणालाही वाटले असते. माझे पत्र तुझ्या हाती पडले तेव्हा वडिलांना जाऊन दोन दिवस झाले होते.

आणि तू तिसऱ्या दिवशी दारात आलीस, नखांत प्लास्टर घेऊन, तेव्हा मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, "खेळणी मोडून झाली का?" हे वाक्य मी चार वर्षे कोणालाही सांगितलेले नाही. फुसाएबाईंनी ते समोरून ऐकले होते. त्यांनीही कोणाला सांगितले नाही. फक्त वर्षभर मला टोफू देताना माझ्याकडे पाहिले नाही.

त्या नोव्हेंबरात सुतकाची कार्डे छापली: यंदा घरात दुःखद घटना घडल्याने नववर्षाच्या शुभेच्छा देता येत नाहीत. नावांची यादी माझी होती. तिच्यात तुझे नाव होते. मी ते काढले नाही. स्वतःच्या बहिणीला वडिलांच्या मृत्यूचे छापील कार्ड टपालाने पाठवणारा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नसेल.

आता चित्रपटाविषयी. चौथ्या वेळी मी फक्त ते दोन सेकंद पाहायला गेलो होतो. भिंत निघते. खोली उघडी पडते. आता मला दिसले, की खोलीत दुसरे काहीही नाही. टेबल नाही, दिवा नाही, गाद्या नाहीत. सगळी दुकाने तू सामानाने भरलीस. न्हाव्याच्या दुकानात वस्तरेसुद्धा आहेत. आपली खोली मात्र मोकळी करून झाडून ठेवलेली आहे, जशी मयताला ठेवतात. मग ओकिगारा मान खाली घालतो. इतर कोणत्याही दुकानापुढे तो मान खाली घालत नाही. हे मी चारही वेळा पाहिले आणि तीन वेळा त्याचा अर्थ लावला नाही. मग तो गर्जतो आणि घर जाते. चुन्याची धूळ वर चढते, आणि ती चढताना एवढी पांढरी आहे, की मला स्मशानाच्या धुराड्याची आठवण झाली, जिथे तुला मी येऊ दिले नाही.

माझ्या शेजारी शिराकुऱ्याचा कोणी म्हातारा बसला होता. त्याने मला रुमाल दिला आणि म्हणाला, "नामीहाऱ्याचे का? चालायचंच. आमचं गाव पाडलं तेव्हा मीही असाच रडलो होतो. आनंदानं."

मी त्याला सांगितले नाही, की हे माझ्या बहिणीचे काम आहे. सांगायला हवे होते. माझे मत विचारशील तर, एवढे नेमके काम मी आयुष्यात पाहिलेले नाही, आणि आपल्या वडिलांचे काम मी पंचवीस वर्षे पाहिले.

शिगेनोरी


तार, २८ डिसेंबर

ये. दादा.


नामीहारा, ६ जानेवारी १९९३

चिसे,

तू पोहोचल्याचा फोन मिळाला. तुझी हातमोज्यांची जोडी येथेच राहिली आहे. ती वेगळी पाठवतो.

खेळाच्या वेळी तू प्रक्षेपण-यंत्राच्या खोलीत लपून बसली होतीस, त्यामुळे सभागृहात काय घडले ते तुला अर्धेच ठाऊक आहे. उरलेले अर्धे नोंद राहावी म्हणून लिहितो.

चारशे खुर्च्या होत्या, माणसे त्याहून पुष्कळ. ओकिगाराने बंदराचा धक्का ओलांडला तेव्हा पहिल्या रांगेतून मासळीवाल्यांनी "या, या!" म्हणून हात केले. बँकेवर पाय पडला तेव्हा बँकेचे व्यवस्थापक उठून उभे राहिले आणि त्यांनी चारी दिशांना वाकून नमस्कार केला. न्हावी ओरडला, "माझे वस्तरे! वस्तरे दिसले!" फुसाएबाईंचे सहा पट्ट्यांचे छत हवेत उडाले तेव्हा त्या मागे वळून मला म्हणाल्या, "मोजलेत का, साहेब?" सगळे हसले. मीही हसलो, माझ्या दप्तरी याची पूर्वीची नोंद नाही.

मग आपले घर आले.

सभागृह एकदम शांत झाले. हे मला अपेक्षित नव्हते. मला वाटले होते, की चटया मलाच दिसतील आणि तोकुमात्सुकाकांना. पण हे आपले गाव आहे, चिसे. यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी वडिलांनी कधी ना कधी चटया फिरवलेल्या आहेत. भिंत निघाली, आणि चार कोपरे एका बिंदूत पाहून चारशेहून अधिक माणसांना त्याच क्षणी कळले, की हे कोणाचे मयत आहे. काकांनी टोपी काढली. पुढच्या रांगेने काढली. मग मागच्या. ओकिगाराने मान खाली घातली, आणि त्याच्याबरोबर सभागृहाने.

घर पडले. मग फुसाएबाई खुर्चीवर उभ्या राहून ओरडल्या, "चिसे! बाई गं, काय सुरेख पाडलंस!"

त्यानंतरचा टाळ्यांचा कडकडाट तू ऐकलास. तू यंत्राच्या खोलीतून खाली आलीस ती तोंड लपवत, हे मात्र ऐकू येत नव्हते, दिसत होते. व्यासपीठावर तू खिशात हात घालून उभी राहिलीस आणि "पुढच्या वेळी भरतीची वेळ तपासून घेऊ" एवढेच बोललीस. लोकांना वाटले, विनम्रता. मला ठाऊक आहे तो टोमणा कोणाला होता.

त्याच्या आदल्या दिवसाबद्दल थोडेच लिहितो. तू तिथे होतीस. तू दारात थांबलीस तेव्हा काय बोलावे ते मी ठरवून, पाठ करून ठेवले होते. तू पिशवी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "दादा, आधी आकडा कुठाय?" पाठ केलेले सगळे वाया गेले. पुढल्या तासाभरात एवढ्या चटया उचलल्या, की माझी कंबर अजून तक्रार करते. काका खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, "शिगे, तू कागद धरायच्या लायकीचा! कोपरा धर, कोपरा!" प्रत्येक चटईच्या पाठीवर वडिलांच्या शाईतला क्रमांक होता, एक ते आठ. सगळे कोपरे जुळले. उत्तरेच्या भिंतीपाशी दोन बोटांची फट पडली. तू तिच्यात बोट घातलेस. मग मीही घातले. उदबत्ती जळून संपेपर्यंत आपण तिघे तसेच बसलो होतो. त्यानंतर पुन्हा सगळ्या चटया उचलून शुभ मांडणीत घातल्या. शेवटची आठवी चटई तू टाचेने दाबलीस आणि ती 'ठप्' करून बसली. आता केस जात नाही. तू गेल्यावर मी खात्री केली.

शिराकुऱ्याच्या नगरपालिकेचे एक पत्र काल मंडळास आले आहे. पुढच्या चित्रपटात त्यांच्याही गावाचा विचार व्हावा, अशी आम्ही शिफारस करावी, असे ते विनवतात. मंडळाने मला उत्तर द्यायला सांगितले आहे. मी ते अतिशय सावकाश लिहितो आहे.

वरची खोली तुझ्यासाठी ठेवली आहे. दाराची चावी या पाकिटात आहे. ऋतू बघून यायचे नाही, केव्हाही ये.

आणि एक. चित्रपटगृहात मिळालेले अभिप्रायाचे कार्ड माझ्या कोटाच्या खिशात तसेच होते. आज सकाळी भरले आणि बँकेसमोरच्या, न हललेल्या, लाल पेटीत टाकले. 'काय आवडले' यासमोर राक्षस, कथा, नट, संगीत आणि इतर, असे पर्याय आहेत. मी 'इतर'वर खूण केली. मत लिहायला चार ओळी आहेत, त्या अपुऱ्या असल्याची तक्रार मी पूर्वी केली होती. तीही मागे घेतो. मला एकच ओळ लागली:

"माझ्या बहिणीने आमचे घर पाडले. उत्तम पाडले."

दादा